पंगतीतला खळगा

भरल्या ताटावरून माणसाला उठवणारा एकच इसम मी पाहिलाय, तो म्हणजे आमचे शेजारी बाबुअण्णा. भोकरदनच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. निवृत्त झाले आणि थेट भौतिकशास्त्रात शिरले.

कारण त्यांची लेक शारदा. ती परदेशात प्रयोग करते. अणू इतके थंड करायचे की सगळे मिळून एकच द्रव असल्यासारखे वागतात. मग प्रकाशाच्या किरणांनी त्यांना बारीक रांगेत धरायचं, अर्ध्या रांगेवर क्षणभर वेगळा प्रकाश टाकायचा, की मध्ये अणू विरळ होऊन खळगा पडतो. तो न पसरता, न बुजता तसाच पुढे गेला पाहिजे. त्याला म्हणतात सॉलिटॉन.

मी शाळेत मराठी शिकवतो. अण्णांनी मला हे चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे आणि एका मयतीतही समजावून सांगितलं. "रांग पाहिजे, सर. घोळक्यात खळगा बराबर राहत न्हाई. मी जिंदगीभर घोळकाच पाह्यला."

वाटूरच्या एका लग्नात त्यांना हवी तशी रांग सापडली. वरण वाढून झालं होतं. अण्णांनी मधल्या एका गृहस्थांना हात धरून उठवलं आणि शेजारच्याला म्हणाले, "ताट घेऊन इकडं सरका. मंग तुमच्या बाजूचे सरकतील. बघा, जागा कशी बिलकुल न पसरता चालून राह्यली." जागा खरोखरच टोकापर्यंत गेली. फक्त उठवलेले गृहस्थ नवरदेवाचे वडील निघाले. त्यांची समजूत काढताना मुलीकडच्यांच्या नाकी नऊ आले.

यंदा मात्र अण्णा गप्प झाले. शारदाचा खळगा पडायचा आणि लगेच बुजायचा. या खेपेला जमलं नाही तर सगळं सोडून घरी येते, असं तिने कळवलं होतं. अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

परवा सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. "सर, झालं. शेवटपर्यंत चालला."

मला इतकं हायसं वाटलं की चपला न घालताच मी त्यांच्या घरात शिरलो. अण्णा पेढे आणायला निघाले होते. आतल्या खोलीला ताजा रंग दिलेला, पलंगावर नवी चादर.

"पाहुणे येणारेत का?"

"न्हाई. प्रयोग फसला असता तर शारदा आली असती. म्हणून खोली करून ठेवल्ती." त्यांनी पिशवीची घडी घालून काखेत मारली. "तिची आई गेल्यापासून घरात बोलायला कोणी न्हाई, सर. पण देवाजवळ मागताना मी खळगाच मागितला."