शेंदरी सप्तर्षी

आधीच सांगून ठेवते, आमच्या नववीच्या सहलीत जे काही झालं त्यात माझ्या चुका फक्त दोन! बाकी सगळं मी अगदी बरोबर केलं होतं.

आमच्या मुख्याध्यापकांनी, बसवराज सरांनी, निघतानाच बजावलं होतं, "मुलींची ही पहिली मुक्कामाची सहल. गोंधळ झाला, तर हीच शेवटची!" आणि आकाश दाखवायची जबाबदारी दिली कुणाला? मला, महानंदाला! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज मांजरीच्या पिलासारखा निघायचा. पण वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले आणि घशात भोंगाच बसला.

माझी योजना झकास होती. लातूर नुकताच नवा जिल्हा झालेला. माझे बाबा पेंटर. गावोगावच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहीत होते. त्यांच्याकडचा उरलेला शेंदरी ऑइलपेंटचा डबा मी उचलला. इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्याच्या कातळावर सात दगड रंगवून सप्तर्षी मांडायचे. अंधार पडला की खाली बघा, वर बघा, ओळखा! पुस्तकातल्या आकाशाच्या नकाशात पूर्व डाव्या हाताला छापली होती. छापखान्याची घोडचूक! मी आख्खी आकृती उलटवून सुधारून घेतली.

इस्लापूरला पोचलो तर धबधबाच गायब! दुष्काळानं पार आटलेला. नुसता काळा कातळ, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा. सर म्हणाले, "मुलींनो, हा ज्वालामुखीच्या रसाचा खडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं आगीचे लोट वाहत होते."

माझ्या मैत्रिणीनं, गुरम्मानं, पटकन पाय उचलला. "सर, निवलाय ना आता?"

मी दगड रंगवले. चार दगडांचा चौकोन, तीन दगडांची शेपटी. मग आम्ही झाडाखाली दशम्या खायला गेलो. अर्धा तास. फक्त अर्धा तास!

परत येऊन बघते तर दगडांभोवती ही गर्दी! नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यावर पाणी भरायला आलेल्या बायकांनी घागरी उतरवल्या होत्या. शेंदरी दगड दिसला की आपल्याकडे काय होतं, ते मी का सांगायला पाहिजे? हळद झाली होती, कुंकू झालं होतं, एक नारळ फुटला होता आणि एक गडी कोंबडं आणायला गावात पळाला होता!

"महानंदा," सर कुजबुजले, "आता ह्यांना काय सांगू? नववीच्या पोरींनी देव घडवला म्हणून?"

"मी सांगते सर!" मी भोंगा सुरू केला. "ऐका हो ऐका! हा देव नसून..."

तेवढ्यात एक वाकलेली आजी पुढे झाली आणि तिनं अर्धी घागर दगडांवर रिती केली.

माझा भोंगा बंद. येताना आम्ही तो झिरा पाहिला होता. एक वाटी पाणी साचेपर्यंत तिसाचा पाढा दोनदा म्हणून होत होता!

"आजी, नका ओतू हो!" मला रडूच फुटलं. "देव न्हाई तो. बाबांचा रंग हाय. मीच फासलाय. माझ्यापायी तुमचं पाणी वाया गेलं!"

सरांनी डोळे मिटले. संपली मुलींची सहल.

आजीनं मला तळवा दाखवला. शेंदरी! "ठाऊक हाय न बाई. वल्ला हाय रंग. पर हे म्हातारीचं बाजलं हाय का न्हाई? आमी गोंड लोकं वर पाहून तेच म्हणतो. हे चार खूर बाजंचे. हे तीन चोर, बाज वढून राहिले. म्हातारीचा डोळा लागला का नेली! म्हणून ती कवाच निजत न्हाई. इतक्या लांबून येऊन लेकरायनं तिची बाज मांडली. म्हटलं तहानली असंल, पाजावं घोटभर."

मग तिनं वाकून दगड न्याहाळले. "पर पोरी, तुहे चोर उलटीकडं पळून राहिले!"

तिनं तिन्ही चोर उचलून दुसऱ्या अंगाला मांडले. कोंबडंवाला धापा टाकत आला, तर म्हणाली, "ने वापस. म्हातारीला दात न्हाईत!"

अंधार पडेपर्यंत मी आणि गुरम्मा झिऱ्यावर बसून वाटीवाटीनं आजीची घागर भरत होतो. सरजाबाई नाव तिचं. मग ईशान्येला आधी बाज वर आली, मागून एकेक चोर. खाली बघितलं, वर बघितलं. हुबेहूब! सरांनी टोपी काढली आणि सरजाबाईंनाच सगळं पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सर म्हणाले, "पुढच्या वर्षीची सहल मंजूर! आणि आकाश दाखवणार..." मी वेण्या सारख्या केल्या. "...सरजाबाई!"

"आणि मी, सर?"

"तू त्यांचं पाणी भरायचं."

घरी येऊन छापखान्याची चूक मी पुन्हा दुरुस्त केली. म्हणजे, होती तशी केली. आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो, मग पूर्व डावीकडेच येते! ही पहिली चूक.

दुसरी? बसमध्ये रंगाचा डबा सीटवर ठेवताना झाकण नीट लावलं नव्हतं. रंग सांडला आणि सर नेमके तिथंच बसले. लातूरच्या स्टँडवर ते पाठमोरे उभे होते, तर एका बाईनं मागून हात जोडले हो!