ड्रोनचं गाऱ्हाणं

थोरल्या बहिणीच्या, वनमालाआक्काच्या, पत्राला उत्तर द्यायचं शिवदास परबांकडून राहूनच गेलं होतं. पत्र गावाहून पावसाळ्यात आलं होतं आणि आता दिवाळीचे आकाशकंदील उतरले होते. आक्काने थोडक्यात लिहिलं होतं, "नातीच्या लग्नाक येवक जमाचा नाय. गुडगे. सगळ्यांचो एक फोटो धाड, कागदार छापलेलो. मोबायलातलो नको, बोट लागला की पळता."

शिवदासांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. पण ते गिरणीतल्या कामगार वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर दुसऱ्यांची चांगली वाक्यं वाचल्यामुळे स्वतःचं एकही वाक्य त्यांना पसंत पडत नसे. शिवाय आक्काने मागितला होता तसला फोटो घरात नव्हताच. घरात हजारो फोटो होते आणि प्रत्येकात कोणीतरी एक जण नव्हता, कारण तो फोटो काढत होता.

म्हणून नातीच्या, श्रुतिकाच्या, लग्नाच्या फोटोंचं बोलणं निघालं तेव्हा शिवदास कान देऊन ऐकू लागले. चारकोपच्या त्यांच्या घरी बोरिवलीचा फोटोग्राफर देवेश लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने एका लग्नाची फिल्म लावली. धुक्यातून एक मुलगी चालत आली, तिचा शेला मागे कितीतरी वेळ तरंगत राहिला आणि मग कॅमेरा असा काही वर गेला की मांडव, माणसं, झाडं सगळं रांगोळीसारखं दिसायला लागलं.

"ही कुठली राजकन्या?" शिवदासांनी हळूच विचारलं.

"दहिसरची आहे आजोबा. बँकेत असते."

शिवदास थक्क झाले. बँकेतली मुलगी अशी दिसत असेल तर माणसाने पैसे कशावर खर्च करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला होता. बाकीच्यांचा सुटला नव्हता. विशालने, म्हणजे श्रुतिकाच्या बाबांनी, फोटोंसाठी बाजूला काढलेल्या पैशांत एकच काहीतरी बसत होतं: एक तर ड्रोन आणि फिल्म, नाही तर छापील जाडजूड अल्बम. श्रुतिकाला ड्रोन हवा होता. तिच्या आईचं, दर्शनाचं, म्हणणं होतं की आहेर घेऊन आलेला प्रत्येक माणूस स्टेजवर दिसला पाहिजे, वरून नुसती टकली दिसून काय उपयोग. शिवदासांना आक्कासाठी एक फोटो हवा होता, पण एवढ्या मोठ्या वादात आपली एवढीशी मागणी कशी मांडायची, या विचारात ते गप्प राहिले.

शेवटी देवेशनेच तोड काढली. रविवारी खारदांड्याला एक ट्रायल शूट करू, फुकट. बघा आणि मग ठरवा.

खारदांडा म्हणजे श्रुतिकाच्या होणाऱ्या नवऱ्याचं, प्रीतमचं घर. किनाऱ्यावर बांबूंच्या काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि खाली प्रीतमची आजी सुंदराबाई कावळे हाकत बसली होती. देवेशने ड्रोन वाळूवर ठेवला. शिवदास त्याच्याकडे दुरूनच बघत राहिले. एवढासा तो जीव, आणि थोड्या वेळाने देव बघतो तिथून बघणार.

सगळं वेळेवर झालं असतं, पण दर्शनाच्या पिशवीत नारळ होता.

"पहिलंच शुभकार्य आहे. देवाला गाऱ्हाणं नको घालायला?" ती म्हणाली. "नाना, तुम्ही मोठे. तुम्हीच घाला."

"ड्रोनला गाऱ्हाणं?" श्रुतिका म्हणाली. "आई, यार, लोक बघतायत."

"बघू दे. नवीन रिक्षा घेतली तेव्हा तिलाही घातलं होतं की. ही तर उडते."

शिवदासांना चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटे. पण गाऱ्हाणं घालणं हे घरातल्या थोरल्या पुरुषाचं काम, ते टाळता येत नाही. विशालने नारळ फोडला, चारी दिशांना खोबऱ्याचे तुकडे टाकले. शिवदासांनी डोळे मिटले, हात जोडले आणि लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या सुरात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या नातीच्या लग्नाचा काम हाती घेतला हा..."

"व्हय म्हाराजा!" घरचे म्हणाले.

"ह्या कॅमेऱ्याचा पाखरू वर चढता हा, तेका उंच ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि आमका सगळ्यांका एका फोटोत हाड. कोण म्हणून रवाक नये. तो फोटो माज्या आक्काक दिसू दे रे म्हाराजा!"

शेवटचं वाक्य ते बोलणार नव्हते. ते आपोआप आलं. घरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, त्यात प्रीतमचाही आवाज होता. शिवदास इतके संकोचले की तिथेच थांबले.

ड्रोन उडाला. तो वर वर जात राहिला, आणि शिवदासांना आपण आजवर वाचलेली सगळी पुष्पक विमानं आठवली.

इकडे खोबऱ्यावर कावळे उतरले. खोबरं संपल्यावर ते बोंबलांकडे वळले. सुंदराबाईने काठी आपटली, तसे सगळे कावळे एकदम उठले, आणि ही काय गडबड म्हणून वरून दोन घारी खाली आल्या.

"पोरा, घारी हायत," सुंदराबाई म्हणाली. "तुझं ते बाहुलं खाली घे."

"आजी, सेन्सर आहे त्याला," देवेश म्हणाला.

सेन्सर घारीला माहीत नसावा. तिने एक गिरकी घेतली आणि झडप घातली. ड्रोन गर्रकन कलंडला आणि गिरक्या खात थेट बोंबलांवर आला. काठ्या आडव्या झाल्या. कावळ्यांची दिवाळी झाली.

"वाट लागली," देवेश म्हणाला आणि वाळूत बसला.

श्रुतिका आजोबांकडे वळली.

"नाना, तुम्ही 'उंच ने' म्हणालात. 'सुखरूप खाली आण' म्हणालाच नाहीत."

शिवदासांनी मनात गाऱ्हाणं पहिल्यापासून आठवलं. खरंच राहिलं होतं. स्वतःच्या एका फोटोच्या लोभात राहिलं होतं. त्यांनी देवेशची माफी मागितली, मग सुंदराबाईची. विशालने बोंबलांचे पैसे विचारले.

"नातसुनेच्या घरचे पैसे घेऊ?" सुंदराबाई म्हणाली. "पडलेले बोंबील घेऊन जा. धुऊन घ्या, वाळू हाय."

देवेशने ड्रोनमधलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, निदान काय काय गेलं ते कळावं म्हणून. समुद्र दिसला, होड्या दिसल्या. मग घारीचा पंख. मग चित्र फिरलं, आणि खाली पडण्याआधी क्षणभर कॅमेरा बरोबर त्यांच्यावर स्थिरावला. देवेशने तिथेच थांबवलं.

सगळे होते. सगळ्यांच्या माना वर, तोंडं उघडी. दर्शनाच्या हातात अर्धा नारळ. विशालने झेल घ्यायला पसरलेले हात. श्रुतिका आणि प्रीतम पोझ विसरून एकमेकांना घट्ट धरलेले. काठी उगारलेली सुंदराबाई. फोटो काढणारा म्हणून कधीच कुठल्या फोटोत नसणारा देवेशसुद्धा रिमोट घेऊन. आणि मध्ये, अजून हात जोडलेलेच, शिवदास.

दहिसरच्या राजकन्येपेक्षा हे काहीतरी मोठं होतं. कोणीच हसलं नाही. "हा मोठा छापायचा," श्रुतिका म्हणाली, "आणि अल्बमच घेऊ." तसाही ड्रोन आता नव्हताच. पैसे कशावर खर्च करायचे ते घारीने ठरवून टाकलं होतं.

फोटो छापून आला त्या दिवशी शिवदासांनी त्याच्या मागे, एकदाही न खोडता लिहिलं, "आक्का, ह्यो फोटो वरसून काडलेलो. आमी सगळे तुज्याकडेच बगतव, असा समज." पाकीट चिकटवून ते नाक्यावरच्या लाल पेटीपाशी गेले आणि ते आत सोडलं.

ते तळाशी पडल्याचा आवाज आला आणि शिवदास दचकले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पेटीसमोर हात जोडले आणि पुटपुटले, "आनि सुखरूप पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," शेजारचा शहाळीवाला नारळावरून नजर न उचलता म्हणाला.