खाणीतल्या पाण्याचा अडथळा

राज्याच्या खनिज उत्पादनात आपला जिल्हा नेमका कुठे बसतो, अशी विचारणा मुंबईहून आली. आमच्या खनिज प्रगती कक्षात धरणेंद्र पाटीलसाहेब आणि मी, असे दोघेच. विदर्भाकडे कोळसा, मँगनीज. आमच्या सांगलीत हळद, बेदाणे आणि फार तर मिरजेची सतार. हळद जमिनीतूनच निघते म्हणून साहेबांनी चौकशी करून पाहिली, पण ती शेती खात्याने आधीच धरून ठेवलेली. शून्य कळवलं असतं तर कक्ष बंद होऊन, जिथे खरंच खनिज आहे तिथे आमची बदली झाली असती. छे! तसली जोखीम कोण घेतो?

तेवढ्यात कळलं, आटपाडीच्या पूर्वेला एका वाडीत ज्योतिबा नावाचा मेंढपाळ विहीर खणतोय. आम्ही जीप काढली. विहीर पंचेचाळीस फूट खोल, कोरडी ठणठणीत. काठावर दगडाचा ढीग. त्या भागात पाणी क्वचितच लागतं, त्यामुळे विहिरीची अब्रू निघालेल्या दगडावर ठरते आणि पाहुण्याला आकडा दुप्पट सांगायचा, ही रीत. आम्ही तर सरकारी पाहुणे.

"किती निघाला दगड?" साहेबांनी विचारलं.

"दोनशे ब्रास हाय, सायेब! लय चिवट पाषाण."

त्याची बायको रंगुबाई चहा देताना म्हणाली, "आवं, शंभर तरी हाय का?"

"गप गं! पावन्यांम्होरं अब्रू काढतीस व्हय?"

मी दोनशे लिहिले. अहवालात जागेचं नाव दिलं 'दगडखाण क्रमांक एक'. शून्यावरून दोनशे म्हणजे किती टक्के वाढ, हे गणकयंत्राला सांगता येईना. साहेबांनी 'अमर्याद' असं लिहून सही केली.

मुंबई खूश झाली आणि पुढच्या तिमाहीसाठी तीनशे ब्रासचं उद्दिष्ट आलं. त्याच आठवड्यात ज्योतिबाचा फोन. माणूस आनंदाने अक्षरशः ओरडत होता.

"सायेब, पानी लागलं! कंबरभर! ऐंशी मेंढरं हायती माजी. औंदा त्यास्नी घिऊन कृष्णाकाठाला वणवण न्हाई. रंगी तर रडाय लागली बगा. गूळ खायाला या!"

साहेबांचा चेहरा पडला. मी नोंद केली : 'खाणीत पाणी शिरल्याने उत्पादनात अडथळा.' उलट टपाली आदेश आला : 'अडथळा तातडीने दूर करावा.' त्या वाडीला वर्षानुवर्षं अर्ज करूनही टँकर वेळेवर मिळाला नव्हता. पंप मात्र दुसऱ्या दिवशी पोचला.

रंगुबाई पंपासमोर आडवी उभी राहिली. "मेंढरांनी काय दगूड चाटायचं व्हय? ही हीर हाय, हीर! खान न्हवं!"

"बाई, विहिरीची नोंद आमच्याकडे नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

ज्योतिबाने कान धरले. "सायेब, नव्वदच ब्रास हाय. खोटं बोललो. चुकी झाली."

"आकडा मुंबईला गेलाय. आता तो तुमचा राहिला नाही."

पाणी ओढ्यात सोडलं. मग तळाला दोन सुरुंग उडवले. कुठे भेग पडली देव जाणे, झरा जो आटला तो आटलाच. दगड निघाला चाळीस ब्रास. आम्ही तीनशे लिहिले. जिल्हा यादीत दोन पायऱ्या वर सरकला, बातमीही छापून आली.

सांगलीत सत्कार झाला. 'उत्कृष्ट खाणमालक' म्हणून ज्योतिबाला शाल, श्रीफळ दिलं आणि व्यासपीठावरच्या सगळ्यांसारखी पाण्याची एक बाटली. दोन शब्द बोला म्हटल्यावर तो माइकपाशी गेला. बाटली वर धरून त्याने विचारलं, "सायेब, असल्या बाटल्या किती मिळतील? ऐंशी मेंढरं हायती."

सभागृह खो-खो हसलं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? तो मात्र बाटली धरून तसाच उभा होता, उत्तराची वाट बघत.

अहवालाला उपस्थितांची यादी जोडायची आहे. वाचता वाचता तुम्हालाही हसू आलं असेल, तर तुमचं नाव घालून टाकतो.