गोकुळदासांचं सविस्तर गाऱ्हाणं

बायको नेमकी किती कावली आहे हे एकदाचं समजून घ्यायचं, असं गोकुळदासांनी ठरवलं आणि तिथेच चुकले.

वत्सला चार दिवस बोलत नव्हती. शनिवारी तिचा भाऊ मधुकर डिचोलीहून येणार होता आणि तिची बॅग भरून तयार होती. आता ही महिनाभर तरी परतत नाही, असा गोकुळदासांनी हिशेब केला. (त्यांना चहासुद्धा धड करता येत नसे.)

पेडण्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. त्यांनी कागद घेऊन पंधरा वर्षांच्या संसारात ऐकलेले शब्द प्रतवारीने लिहिले. 'कंटाळा' म्हणजे सामान्य, मुकाट्याने पाणी भरावे. 'कटकट' म्हणजे तातडीचे, सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी करावी. 'वैताग' म्हणजे अतितातडीचे, बाजारात जावे व सावकाश यावे. 'संताप' झाल्यास ओट्यावर झोपावे. पण ती तोंडच उघडत नाही, त्याला काय म्हणायचं? तो रकाना कोरा राहिला.

शनिवारी सकाळी ते नारळ घेऊन देवळात गेले. गावाची गाऱ्हाणी देवापुढे रघुनाथ गावकार घालत. "जी काय अडचण असेल ती दूर कर" एवढं म्हणून ते मोकळे होत. पण मोघम अर्ज परत येतो, हा गोकुळदासांचा कचेरीतला अनुभव. त्यांनी नारळासोबत कागद दिला आणि देवाला सविस्तर सांगा म्हणाले.

रघुनाथांनी सविस्तर सांगितलं. गोवा घटक राज्य झालं म्हणून त्या दिवशी देवळात समारंभ होता. भाषणांचा माईक गावकारांच्या पुढ्यातच होता आणि तो चालू होता, हे गोकुळदासांच्या लक्षात आलं तेव्हा गाऱ्हाणं कटकट ओलांडून पुढे गेलं होतं.

"वत्सला वैतागली काय हो गोकुळदास बाजारात पळता, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडपातली माणसं एका सुरात म्हणाली.

"संतापली काय ओट्यार न्हिदता, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

रस्त्यावर पाव विकणारा पदेर सायकलवरून खाली उतरला. देवाने काय ऐकलं कोण जाणे, गावाने सगळं ऐकलं.

ते कसेबसे घरी पोचले तर ओटीवर सात-आठ बायका, मधोमध वत्सला, आणि कोपऱ्यात चहाचा कप धरून मधुकर. एक बाई सांगत होती, हिचा घोव निदान बाजारात तरी जातो, आपला नवरा समोरच बसून राहतो. शेजारच्या शेवंतीकाकीने मुद्द्याला हात घातला.

"पण वत्सले, हो चार दिसांचो राग कसलो गो?"

"खंयचो राग? माजो घसो बसलेलो," वत्सला खरखरत्या आवाजात म्हणाली. बॅग भाच्याच्या मुंजीसाठी भरली होती, दोन दिवसांकरता. मग तिने गोकुळदासांकडे पाहिलं. "राग आता आयलो."

ती आत गेली. बॅगेतल्या साड्या काढून तिने त्यात गोकुळदासांचे शर्ट भरले. मुंजीला घरातलं कोणीतरी गेलं म्हणजे झालं, असं तिने मधुकरला सांगितलं. बहिणीला न्यायला आलेला मधुकर मेव्हण्याला घेऊन दुपारच्या बसने परतला.

डिचोलीला सासूबाई पद्मावती दारातच उभ्या होत्या. मधुकरने बॅग आत नेता नेता त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी जावयाला गूळपाणी दिलं, शेजारणींना हाक मारून सतरंजी अंथरली आणि म्हणाल्या,

"जावयबापू, मधूक सगळां आठवना. तुमीच पयल्यापासून सांगा बघू."