वाईट दिवसांसाठी राखीव

लोरेन स्कोगस्टाड याला एक हरीण मारायचे होते आणि त्यासाठी त्याला एक काडतूस हवे होते. सावधगिरी म्हणून दोन. याहून मोठी कोणतीही महत्त्वाकांक्षा त्याला नव्हती, हे सुरुवातीलाच नमूद केलेले बरे.

मोंटानातल्या डटन फोर्क गावची लाकूड गिरणी ऑगस्टात बंद पडली. बावीस वर्षे तिथल्या करवतींना धार लावणाऱ्या लोरेनला मालकांनी भरपाई दिली नाही, गौरव केला. गौरव म्हणजे एक रायफल. जुन्या घाटाची, लिव्हरची. खालचे कडे पुढे ढकलून मागे ओढले की पुढचे काडतूस चढते, ती. तिच्या पितळी पट्टीवर गिरणीचे नाव कोरले होते. सोबत एक कूपन होते: 'रायफलीच्या साजसामानासाठी. दारूगोळा वगळून.'

घरचा फ्रीझर रिकामा होता. बायको बर्नाडीन शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ भांडी विसळत होती. लोरेनच्या पाकिटात एका हरणाचा परवाना होता आणि त्याची मुदत नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या रविवारी, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपत होती. हरीण आले की हिवाळा निघाला. नाही आले तर मार्चपर्यंत डब्यातले बीन्स.

तो व्हर्जिल रास्कच्या दुकानात गेला. गावात बंदुकीचे दुकान तेवढे एकच. रास्क सत्तरीचा होता आणि गिऱ्हाइकाकडे डॉक्टरासारखा बघायचा.

"थर्टी-थर्टी काडतुसांची एक डबी द्या, व्हर्जिल."

"पहिलीच लिव्हर ना तुझी?"

"पहिलीच."

"मग काडतूस शेवटी. आधी रायफल पुरी करू. नागडी आहे रे ती, पोरा. लोकांसमोर आणलीस कशी?"

कूपन होतेच. रास्कने आधी चामड्याचा पट्टा काढला. मग दस्त्यावर चढवायची चामडी पट्टी, तिच्यावर काडतुसे खोचायची सात घरे. मग मोठे कडे, हातमोज्यासकट बोटे जावीत म्हणून. मग त्या कड्याला गुंडाळायची हरणाच्या कातड्याची वादी, कारण उघडे लोखंड बघून माणसे नावे ठेवतात. मग खोगिराला लटकवायचे म्यान.

"माझ्याकडे घोडा नाही."

"घोडा नंतरही घेता येतो. असलं चामडं परत येणार नाही. आणि ही नेम धरायची उभी पट्टी. हजार यार्डांपर्यंत मोजते."

"आपल्या जंगलात शंभर यार्डांपुढचं दिसतच नाही हो काही. झाडंच झाडं."

"ती झाडांची चूक. पट्टीची नाही."

रायफल सजली. लोरेनने पुन्हा काडतुसांचा विषय काढला, तसा रास्कने चष्मा पुसला आणि वीस मिनिटे त्याला शिकवले.

"नळीत काडतुसं एकामागे एक आडवी झोपतात. ह्याचं नाक त्याच्या बुडाला. नाक टोकदार असलं आणि दचका बसला, तर नळीतच बार. म्हणून टोकदार कधी घ्यायचं नाही. चपट्या नाकाचंच घ्यायचं. काय घ्यायचं?"

"चपट्या नाकाचं."

"शाब्बास."

"द्या मग."

"नाहीत."

"मग दुसरी कुठली?"

"मऊ रबरी टोकाचीही चालतात. तीही नाहीत. पण माणसाला माहिती असावी."

"येणार कधी?"

"दर दुसऱ्या मंगळवारी येतात की. सातला येतात, सात वाजून चार मिनिटांनी संपतात."

"नेतं कोण एवढी?"

"ज्यांच्याकडे आहेत ते," रास्क म्हणाला. "ज्यांच्याकडे नाहीत त्यांना किंमत कुठली कळायला?" मग दस्त्यावरच्या सात रिकाम्या घरांकडे बघून तो हळहळला. "हे मात्र चारचौघांत बरं दिसत नाही. थांब. ही घे. प्लास्टिकची, वरून पितळी मुलामा. उडत नाहीत. उडत नाहीत म्हणूनच सामानात मोडतात. कूपनात बसतात."

लोरेन दुकानाबाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे जिल्ह्यातली सर्वांत देखणी रायफल होती आणि तिने चिलटही मेले नसते. पायरीवर एक हरिणी रास्कने सजवलेला भोपळा खात उभी होती. तिने लोरेनकडे पाहिले, रायफलीकडे पाहिले आणि पुन्हा भोपळ्यात तोंड घातले.

शेजारी एमेट कोवाचिच याच्या तळघरात चार हजार काडतुसे आहेत, हे गावाला ठाऊक होते. कारण कोवाचिच ते दर रविवारी चर्चबाहेर सांगायचा. तळघरात हवेतला ओलावा शोषणारे यंत्र चोवीस तास चालू असे. वरच्या खोलीत त्याची म्हातारी सासू दोन स्वेटर घालून खोकत असे. तिच्यासाठी हीटर घ्यायचा विचार अजून चालू होता.

"एमेट, लेका, थर्टी-थर्टी आहे तुझ्याकडे?"

"सहाशे."

"तुझ्याकडे थर्टी-थर्टीची रायफल तरी आहे का?"

"नाही. पण म्हणून काय येताहेत ती सोडायची?"

"एक दे ना मग. एकच."

"कशाला?"

"हरीण मारायला."

कोवाचिच गोंधळला. "मारायला म्हणजे? उडवणार?"

"काडतूस आहे ते, एमेट. दुसरं काय करणार?"

"अरे, पण डबी फोडावी लागेल! सील बघ, सील. बोट नको लावूस. लांबून बघ." मग खांद्यावर हात ठेवून तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "हा साठा वाईट दिवसांसाठी आहे रे."

"माझे वाईटच दिवस चाललेत की! फ्रीझरमध्ये बर्फाशिवाय काही नाही."

"ते तुझे वाईट दिवस. मी सगळ्यांच्या वाईट दिवसांबद्दल बोलतोय."

"गिरणी बंद झाली. चाळीस घरं बसली. ते कुणाचे होते?"

"ती मंदी," कोवाचिच म्हणाला. "मंदी वेगळी."

तरीही शेजारधर्म म्हणून त्याने रस्ता दाखवला. असल्या प्रकरणांसाठी डटन फोर्क बंदूक मंडळाची साठा संवर्धन उपसमिती होती. कोवाचिच तिचा अध्यक्ष होता, पण अध्यक्ष या नात्याने तो तळघरात बोलू शकत नव्हता. लोरेनने रीतसर अर्ज भरला. अर्जात 'वाईट दिवसांचे स्वरूप: वैयक्तिक/सार्वत्रिक (नको ते खोडावे)' असा रकाना होता. 'वैयक्तिक वाईट दिवसांस अर्जदार स्वतः किती प्रमाणात जबाबदार आहे' यासाठी अर्धे पान होते. 'भुकेचा पुरावा सोबत जोडावा' असेही होते. बर्नाडीनने रिकाम्या फ्रीझरचा फोटो काढला. तो परत आला. रिकामी जागा स्पष्ट दिसत नव्हती.

नऊ दिवसांनी उत्तर आले.

'विषय: वाईट दिवस सुरू झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या परिस्थितीबद्दल उपसमितीस तीव्र सहानुभूती आहे. तथापि वाईट दिवस सुरू झाल्याचे जाहीर केल्यास सभासदांस काडतुसांची अधिक गरज भासेल व परिणामी एकही काडतूस देता येणार नाही. वाईट दिवस सुरू झाले नसल्यास ती देण्याचे कारण उरत नाही. सबब आपला अर्ज दोन्ही बाजूंनी विचार करून निकाली काढण्यात येत आहे.'

"आता?" बर्नाडीनने विचारले.

"आता मंगळवार."

मंगळवारी उजाडायच्या आधीच तो रांगेत उभा राहिला. पुढे सोळा जण होते, सगळ्यांच्या तळघरांत यंत्रे होती. सात वाजून तीन मिनिटांनी लोरेनच्या हातात शेवटची डबी पडली. वीस काडतुसे. चपट्या नाकाची. सीलबंद.

त्याच क्षणी काहीतरी बदलले. ऑगस्टपासून नजर चुकवणारे लोक रस्त्यात थांबून हात मिळवू लागले. बँकेतला माणूस त्याला 'सर' म्हणाला. संध्याकाळी कोवाचिच स्वतः घरी आला, डबी टेबलावर ठेवून तिच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "आता तू आमच्यातला, गड्या. ही फोडू नकोस. फुटलेल्या डबीला गावात कोणी विचारत नाही."

"ऐकतोय कशाला त्याचं?" तो गेल्यावर बर्नाडीन कडाडली. "रविवार शेवटचा. जा आणि मार."

रविवारी दुपारी लोरेन गावामागच्या टेकडीवर बसला होता. खाली हमरस्ता. दिवस मावळायला अर्धा तास असताना झाडीतून एक नर आला. धष्टपुष्ट, फांदीदार शिंगांचा, आणि चाळीस पावलांवर. येऊन तो आडवा उभा राहिला.

लोरेनने खिशातून डबी काढली. सीलवर नख ठेवले. आणि तिथेच थांबला. एक उडाले की एकोणीस राहणार. एकोणीस ही काय संख्या आहे? वीसवाल्या माणसाला लोक सर म्हणत होते. एकोणीसवाल्याला काय म्हणतील? शिवाय यापेक्षा वाईट दिवस आले तर? बीन्स अजून आहेत. बीन्स संपलेले नाहीत. बीन्स असताना जो डबी फोडतो, तो बीन्स संपल्यावर काय करील?

नराने भरपूर वेळ वाट पाहिली. मग कंटाळून तो उतार उतरला आणि हमरस्त्यावर गेला.

खालून धाड असा आवाज आला.

लोरेन धावत पोचला. घरचीच पिकअप एक दिवा फुटून आडवी उभी होती आणि तिच्यासमोर नर पडला होता. बर्नाडीन बाहेर उभी राहून मोबाइलवर गाडीखाली सापडलेल्या जनावराचे मांस नेण्याचा परवाना भरत होती.

"ब्रेक नाही मारलास?"

"मी मारला. त्यानं नाही मारला. बघतोस काय, पाय धर! मागे चढवू." मग वर टेकडीकडे बघून तिने डोळे बारीक केले. "तिथून उतरला हा. तू तिथेच होतास?"

"होतो."

"दिसला नाही?"

"दिसला."

"मग?"

"डबी फोडावी लागली असती."

बर्नाडीनने मोबाइल खिशात टाकला. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली होती. बोलण्यासारखे तिला बरेच सुचले असणार. ती एवढेच म्हणाली, "शिंगाकडून धर. तेवढं तरी जमेल ना?"

सोमवारी मंडळाची बैठक होती. लोरेनला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. रास्कने सर्वांसमोर विचारले, "ऐकलं ते खरं? नर? कसा पाडलास?"

"चाळीस पावलांवरून," लोरेन म्हणाला. "एकाच दणक्यात."

टाळ्या पडल्या. रांगेतल्या त्या सोळाही जणांनी ओळखीचे मंद स्मित केले आणि कोणीही पुढचा प्रश्न विचारला नाही. बैठक संपल्यावर लोरेन बाहेर आला. दिव्याखाली सतरा पिकअप ओळीने उभ्या होत्या. एकीचाही बंपर सरळ नव्हता. कोवाचिचच्या गाडीच्या पुढच्या जाळीत तर अजून हरणाचे केस अडकलेले होते.

आता तुम्ही हसत असाल. बेशक हसा. फक्त हसता हसता एवढे आठवून बघा: शेवटचा जो कोणी तुमच्या दाराशी येऊन "एकच द्या" म्हणाला होता, त्याला नाही म्हणताना तुमच्या घरात किती होते?