लय तेज वकील नको

वकील पसंत आहे की नाही हे ठरवण्याआधी दादाराव त्याचं वजन करत. हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. वणीबाहेर चंद्रपूर रोडवर त्यांचा धर्मकाटा आहे. कोळशाचा भरला ट्रक ज्याच्यावर अख्खा चढतो, त्या लोखंडी फलाटाच्या मधोमध ते वकीलसाहेबांना उभं करत, केबिनमध्ये जाऊन आकडा बघत आणि छापील पावती आणून त्यांच्या हातात देत. गाडी नंबरच्या जागी 'वकील', मालाच्या जागी 'काही नाही'. तो काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानंच मोजतो, त्यामुळे वणीतले वकील एकतर सत्तर किलोचे निघाले नाहीतर ऐंशीचे. एकानं तक्रार केली, की मी चौऱ्याहत्तर आहे. दादाराव म्हणाले, "मानसात चार-पाच किलो इकडंतिकडं चालते साहेब. ट्रकमंदी नाही चालत."

दादाराव म्हणजे पासष्टी ओलांडलेला, वाळक्या अंगाचा, दोन खिशांचा पांढरा शर्ट घालणारा माणूस. माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान त्यांच्या काट्याला लागून आहे. मी त्यांना काकाजी म्हणतो. ते मला सुधीर म्हणतात आणि मी बी.कॉम. असल्यामुळे मला कायदा येतो असं धरून चालतात.

त्यांना वकील हवा होता तो नावाच्या भांडणासाठी. त्यांचा काटा आधी दोघांचा होता. दादाराव आणि नथ्थूभाऊ, दोघेही खाणीवर कामाला असताना झालेली ओळख. नोकरी सोडून दोघांनी मिळून काटा टाकला आणि त्याचं नाव ठेवलं 'जोडी धर्मकाटा'. दोघं होते म्हणून जोडी. अठरा वर्षं एकाच केबिनमध्ये, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून त्यांनी ट्रक तोलले. मग एका सोमवारी नथ्थूभाऊ आलेच नाहीत. भागीदारी नको, असा निरोप आला. कागद झाले, सह्या झाल्या, भांडण असं कोणी ऐकलं नाही. सहा महिन्यांनी रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, दुसरा काटा उभा राहिला आणि त्याच्यावर पाटी लागली: 'न्यू जोडी धर्मकाटा'.

तेव्हापासून आमच्या रस्त्याला दोन जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडीत एकेकच माणूस आहे.

ट्रक ड्रायव्हर गोंधळतात. बिल एकाचं, तक्रार दुसऱ्याकडे. अशा वेळी दादाराव केबिनच्या दारात येऊन समोर हात करत आणि म्हणत, "न्यू तिकडं." नथ्थूभाऊचं नाव ते घेत नसत. "न्यूनं आज पाटी पुसली." "न्यूचा पंखा बंद पडला वाटते." मी विचारायचो, "काकाजी, तुम्हाला इथून पंखा कसा दिसतो?" तर ते पावत्यांचा गठ्ठा नीट करायला लागत.

पाच वर्षं अशी काढल्यावर त्यांनी एक दिवस जाहीर केलं, "सुधीर, आपून केस टाकून राह्यलो. चांगला वकील पाह्यजे."

मग आमचा वकील-शोध सुरू झाला. वणीतले काही जण काट्यावरच नापसंत झाले. ज्यांच्या ऑफिसापर्यंत गेलो त्यांतले पहिले, वणीतलेच एक ज्येष्ठ वकील. आम्ही खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच ते म्हणाले, "केस शंभर टक्के आपली आहे." दादारावांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि बाहेर येऊन निकाल दिला, "मानूस बरोबर हाय, पन आपल्याले बरोबर नाही." मी कारण विचारलं, काहून म्हणून. "आपून सांगाच्या आधीच जिंकला ना तो. न्यू गेला असता तर त्यालेबी हेच सांगतलं असतं."

हा मुद्दा मला पटला. पुढचे पटले नाहीत.

दुसरे वकील यवतमाळचे. तरुण, चुणचुणीत, टेबलावर एक कागद नाही. त्यांनी दोन्ही पाट्यांचे फोटो बघितले आणि म्हणाले, "मनाई हुकूम घेतो. महिन्याभरात समोरची पाटी खाली." मला वाटलं, सापडला आपला माणूस. दादाराव मात्र एकदम उठले. "पाटी खाली म्हंजे? काढून घेनार?" वकील म्हणाले, "पोलीस बंदोबस्तात." परतीच्या एसटीत मारेगाव येईपर्यंत दादाराव तिकिटाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "लय तेज हाय तो."

"तेजच पाहिजे ना काकाजी?"

"तेज पाह्यजे. लय तेज कायले पाह्यजे?"

तिसरा दौरा नागपूरचा. माझ्या साडूच्या ओळखीनं तिथं धंद्याच्याच भांडणांचं काम करणारे एक मोठे वकील मिळाले. मोठमोठ्या ऑफिसांची इमारत, सहावा मजला, काचेचं दार. दादाराव काटा घरी ठेवून आल्यामुळे जरा अडखळल्यासारखे झाले होते. वकीलसाहेबांना नुसतं बघून ते माझ्या कानात म्हणाले, "नव्वद." साहेब अत्यंत सभ्य होते. त्यांनी नोंदणी, नावलौकिक, ग्राहकांची दिशाभूल, नुकसानभरपाई असं सगळं क्रमानं समजावलं. त्यांनी विचारलं, "जोडी हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी वापरला?" दादाराव म्हणाले, "आमी वापरला." साहेब म्हणाले, "आम्ही नाही, मी म्हणा. कोर्टात 'मी' म्हणायचं. 'आम्ही' म्हटलं की केस गेली."

दादारावांनी दोन-तीनदा 'मी' म्हणून पाहिलं. जमेना. "मी आन् नथ्थू..." असं सुरू व्हायचं आणि साहेब हात वर करायचे. पाच वर्षांत नथ्थूभाऊंचं नाव त्यांच्या तोंडून मी तिथं पहिल्यांदा ऐकलं, तेही चूक म्हणून.

खाली उतरल्यावर मी विचारलंच नाही. ते स्वतःच म्हणाले, "मानूस बरोबर हाय..."

"पण आपल्याले बरोबर नाही," मी म्हणालो. नागपूरहून वणी म्हणजे जवळपास तीन तासांचा रस्ता. त्या रस्त्यात मी ठरवून टाकलं, की या माणसाला केस करायची नाही, फक्त फिरायचं आहे. मला दुकान होतं. पुढच्या वेळी मी येणार नाही, असं मी त्यांना सांगितलंही. "चालते," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. आठ दिवसांनी मीच पुन्हा गेलो त्यांच्याबरोबर. का गेलो ते सांगता येत नाही.

या वेळची वकीलबाई पांढरकवड्याची. मूळची मुकुटबनची, शेतकऱ्याच्या घरातली, वय तिशीच्या आतबाहेर. ऑफिस खताच्या दुकानावर, जिना इतका अरुंद की सत्तर किलोच्या पुढचा वकील वर गेलाच नसता. बाईंनी फोटो पाहिले, भागीदारी मोडल्याचे कागद पाहिले, आणि पेन खाली ठेवून विचारलं, "काकाजी, तुम्हाले नक्की काय पाह्यजे?"

हा प्रश्न आधीच्या वकिलांपैकी कोणी विचारला नव्हता. खरं म्हणजे मीही नव्हता विचारला.

दादाराव म्हणाले, "न्याय."

"तो तर सगळ्यांनाच पाह्यजे. तुम्हाले काय पाह्यजे? पाटी उतरवायची?"

"नाई नाई. पाटी राहू द्या त्याची."

"भरपाई?"

"कायची भरपाई?"

"मग?"

खाली कोणीतरी खताची पोती उतरवत होतं, त्याचे धप् धप् आवाज येत होते. मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

"तो काहून गेला ते मले पाह्यजे," दादाराव म्हणाले. "अठरा वर्सं झाल्यावर मानूस सांगून जाते. भांडून जाते. हा तसाच गेला. मी रोज पाह्यतो, समोर बसून राह्यते. मी काय केलं ते तरी सांग ना बावा."

"मग रस्ता ओलांडून विचारलं नाही कधी?"

"मी कसा विचारू? गेला तो."

बाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्या म्हणाल्या, असल्या धंद्याच्या वादात कोर्टात जायच्या आधी मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळला, एक मध्यस्थ बसतो आणि दोन्ही बाजूंना एका खोलीत समोरासमोर बसवतो. "तिथं काय विचाराचं ते विचारा. दावा मग पाहू."

"तो येईन का पन?"

"सरकारी कागद जाईल काकाजी. येतील."

बाहेर आल्यावर मी निकालाची वाट पाहत होतो. दादाराव जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरले आणि म्हणाले, "हे बाई घेऊन टाकू."

कागद गेला. चाळीस फुटांच्या रस्त्यापलीकडे जायला त्याला यवतमाळमार्गे सहा दिवस लागले. सातव्या दिवशी सकाळी नथ्थूभाऊ माझ्या दुकानात उभे. ठेंगणे, जाड, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. या भागात झेरॉक्स माझीच. त्यांनी नोटीस काउंटरवर ठेवली. "दोन काप्या काढ." मशीन चालू असताना ते दादारावांच्या केबिनकडे पाठ करून उभे होते. हळूच म्हणाले, "त्याच्या मनात काय हाय रे?"

मी म्हणालो, "मला काय माहीत, काकाजी."

"जोडी नावावर हक्क सांगून राह्यला तो. आता?" त्यांनी प्रती घेतल्या, पण लगेच गेले नाहीत. "तब्येत कशी हाय त्याची? मांगच्या महिन्यात दोन दिवस काटा बंद होता."

ताप होता, मी सांगितलं. "तरीच," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

तारखेला आम्ही यवतमाळला पोचलो तेव्हा नथ्थूभाऊ आधीच येऊन बाकावर बसले होते. वकील वगैरे न घेता एकटेच. खोलीत एक लांब टेबल, पाण्याचा जार आणि एक निवृत्त वकील मध्यस्थ म्हणून. मी कोण, असं त्यांनी विचारलं. दादाराव म्हणाले, "साक्षीदार." मध्यस्थ म्हणाले, इथं साक्षीदार लागत नाही. तर नथ्थूभाऊच म्हणाले, "राहू द्या साहेब. बाजूलेच राह्यते तो."

वकीलबाईंनी थोडक्यात सांगितलं, की आमच्या अशिलाला दावा रेटायचा नाही, एक गोष्ट विचारायची आहे. मग सगळे दादारावांकडे बघायला लागले. त्यांनी घसा साफ केला. पाच वर्षं जपलेला प्रश्न तीन शब्दांत संपला. "तू काहून गेला?"

नथ्थूभाऊंनी चष्मा काढला. "तुले माहीत नाही?"

"माहीत असतं तर इतक्या वकिलाईच्या दारात कायले गेलो असतो?"

"तू माह्या पावतीवर गाडी पुन्हा चढवली."

मध्यस्थांना कळलं नाही. मला कळलं. धर्मकाट्यावर एकानं तोललेली गाडी दुसऱ्यानं पुन्हा तोलायची म्हणजे पहिल्याच्या तोंडावर तू खोटा आहेस म्हणण्यासारखं. परक्याच्या काट्यावर चालतं. आपल्याच काट्यावर, आपल्याच भागीदाराच्या पावतीवर, चार ड्रायव्हरांसमोर चालत नाही.

"त्या दिवशी मी वजन केलं," नथ्थूभाऊ म्हणाले, "पावती फाडून देल्ली. डायव्हर बाहेर हुज्जत घालून राह्यला, तर तू मले न विचारता गाडी मांगं घेतली आन् पुन्हा चढवली. समद्याइच्या देखत. अठरा वर्सांत मी कोनाचं दहा किलो खाल्लं होतं?"

दादाराव तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "अबे, तो तुले चोर म्हने! बाहेर उभा राहून तुह्या नावानं शिव्या देऊन राह्यला होता. त्याले दाखवाले चढवली मी! तेवढंच भरलं ना वजन? दहा किलोचाबी फरक नव्हता. त्याची गचांडी धरून मी त्याले पावती वाचाले लावली. तू पाह्यलं नाही?"

"मी आत होतो."

"मंग आत काहून होता?"

"तू गाडी चढवली म्हनून."

मध्यस्थांनी उठून स्वतः दोघांना पाणी ओतून दिलं. नथ्थूभाऊंनी चष्मा रुमालानं पुसला, तोच परत पुसला. "मंग तवाच सांगाचं होतं," ते म्हणाले, पण आवाजात भांडण नव्हतं.

पुढचं काम वकीलबाईंनी दहा मिनिटांत उरकलं. नथ्थूभाऊंच्या काट्यात आता त्यांचा मुलगा होता, त्यामुळे पुन्हा एकत्र येण्याचा विषय निघाला नाही. पाट्या दोन्ही राहाव्यात, नाव दोघांचं, कोणी कोणावर दावा करू नये, असं ठरलं. तडजोडीचा मसुदा टाइप करून आणायला बाई उठल्या, तसे दादारावही मला घेऊन त्यांच्यामागोमाग बाहेर आले.

"बाई, पुढची तारीख कदी हाय?"

"कशाची काकाजी? मिटलं ना आता. सही केली की झालं."

"सही आज नका घेऊ." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "समदं बोलून नाही झालं. माही बायको गेली तवा तो आलता, लोकाइच्या मांगं उभा राहून गेला. तेबी बोलाचं हाय. त्याच्या पोराचं लग्न झालं, ते मले पाटीवरच्या लाइटिंगवरून समजलं. एवढं एका दिवसात कसं होईन? तारीख असली तर येते तो. तारीख नसली तर कायले येईन?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या परत आत गेल्या आणि मध्यस्थांना म्हणाल्या, 'न्यू' या शब्दाबद्दल एक मुद्दा राहिला आहे, आणखी एक बैठक लागेल. मध्यस्थ अनुभवी होते. कोणता मुद्दा, हे त्यांनी विचारलं नाही. नथ्थूभाऊंकडे वळून म्हणाले, "तुम्हाला चालेल का? पुढचा मंगळवार?"

नथ्थूभाऊंनी विचार केल्यासारखं केलं. "मंगळवारी रिकामाच असतो मी," म्हणाले. "त्याच्या पुढच्या मंगळवारीबी."

दोघांनी आपापल्या कागदावर तारीख लिहून घेतली. दादारावांनी तर बाहेर आल्यावर माझ्याकडून ती दोनदा वाचून घेतली.