गीझरची तहान

"गुलाबी आलं का?" आर्विडनं गाडीबाहेरून हाळी दिली.

"थंड नळाला आलं. गरम नळ नुसताच खोकतोय!" आतून शेजारचा व्हर्जिल ओरडला.

मिनेसोटातला ऑक्टोबर संपत आला होता. रात्री पारा शून्याखाली नऊवर जाणार, असं रेडिओ सकाळपासून बजावत होता. आर्विडच्या या गाडीच्या, म्हणजे फिरत्या घराच्या नळ्यांत पाणी राहिलं, तर सकाळपर्यंत त्या तडकणार. गेल्या साली तडकल्याच होत्या. म्हणून बायको लोर्ना म्हणाली होती, "यंदा मी बघते." त्यावर आर्विड जरा जास्तच जोरात म्हणाला होता, "हे काम माझं!"

काम तसं सोपं. टाकी आणि गीझर रिकामे करायचे, न गोठणाऱ्या गुलाबी औषधाच्या कॅनमध्ये पंपाची नळी सोडायची आणि रंग येईपर्यंत एकेक नळ उघडायचा. दोन कॅन पुरतात. आर्विडचे चार संपले. व्हर्जिलनं स्वतःच्या गाडीसाठी आणलेले दोन गेले. दुकानातून आणखी दोन आणले, तेही पंप घटाघटा प्यायला लागला.

"गळतंय कुठेतरी," व्हर्जिलनं निदान केलं.

दोघं गाडीखाली सरपटले. पाठीला ओला पाचोळा लागला, नाकावर कोळी चढला, पण गुलाबी थेंब काही दिसेना.

"मग फरशीखाली साठतंय. उचकट फरशी."

"अरे, नवी आहे ती!"

"मग बस तरंगत!"

आर्विडनं पहार उचलली. तेवढ्यात त्याला गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेला शॉवर आठवला. त्याचा गरम नळ सोडून तो छिद्रांत डोळा घालून बघू लागला. व्हर्जिलही खांद्यावरून वाकला. नेमका त्याच क्षणी आठवा कॅन संपला आणि गुलाबी फवारा दोघांच्या तोंडावर फुटला.

किंकाळ्या ऐकून लोर्ना धावत आली. व्हर्जिलची पांढरी दाढी गुलाबी झालेली बघून ती पायरीवर बसून पोट धरून हसली. मग डोळे पुसत तिनं गीझरमागचं झाकण उघडलं.

"ही खिटी फिरवून आधी गीझरकडे जाणारी वाट बंद करायची असते, राजा. आठातले सहा कॅन यानंच ढोसलेत."

तिनं खिटी फिरवली, गीझरमधलं औषध स्वच्छ बादल्यांत काढून घेतलं आणि त्यातूनच व्हर्जिलची गाडी वीस मिनिटांत उरकली. हसण्याच्या आवाजानं गल्ली गोळा झालीच होती. हां हां म्हणता दारात आणखी तीन फिरती घरं नळांत औषध भरून घ्यायला येऊन उभी राहिली. कुणीतरी सफरचंदाचा गरम रस आणला, कुणी भाजलेल्या बटाट्यांचं भांडं.

पलीकडच्या बर्निसबाईंनी कौतुकानं विचारलं, "आर्विड, तू नाही करत का हे?"

आर्विडनं गुलाबी भुवई पुसली. "असली कामं आम्ही माणूस ठेवून करून घेतो."

"ए ठेवलेल्या माणसा," लोर्ना बादलीवरून म्हणाली, "आत जा, बाईंच्या मोरीचा नळ उघड."

आणि तो बाह्या सावरत आत गेला.